मोबाईलमधलं माप आणि ताटातलं माप

॥ श्री स्वामी समर्थ ॥

*कुटुंब अभ्यास : या महिन्याचा पाठ*
(उधना. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा. पाठ मोठा आहे, दोन बैठकांत वाचला तरी चालेल.)



आपल्या ग्रुपवर हल्ली सकाळच्या नमस्काराच्या जोडीला पावलांचे आकडे येतात. कुणाचे आठ हजार, कुणाचे बारा हजार. जेवणाच्या ताटाचा फोटो आणि खाली कॅलरी, हेही सुरू झालंय. आरतीनंतर ताई विचारतात, "हे कॅलरी मोजायचं अ‍ॅप घ्यावं का? पैसे भरावेत का? प्रसाद त्यात लिहायचा का?" प्रश्न साधे दिसतात, पण तब्येत, पैसा आणि घरातली शांती, तिन्ही त्यात आहे. म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

*१. मोजून खाणं आपल्याला नवीन नाही*

काही जण म्हणतात, अन्न हे पूर्णब्रह्म, ते काय मोजायचं? पण आपल्या परंपरेत मोजमाप होतंच. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. झोपेचं आणि जागरणाचंही तसंच. म्हणजे बेतानं खा, दोन्ही टोकं टाळा.

जुन्या धर्मसूत्रांत तर घास मोजलेले आहेत. संन्याशाला आठ, वानप्रस्थाला सोळा, गृहस्थाला बत्तीस. चांद्रायण व्रतात चंद्राच्या कलेप्रमाणे रोज एक घास वाढवत पौर्णिमेला पंधरा आणि मग रोज एक कमी करत अमावास्येला उपास. आजच्या भाषेत बोलायचं तर हे एक महिन्याचं ट्रॅकिंगच झालं.

पण त्याच घासांच्या नियमात एक गोष्ट नीट बघा. ब्रह्मचाऱ्याला, म्हणजे शिकणाऱ्या, वाढत्या वयाच्या मुलाला आकडा सांगितलेलाच नाही. त्याला हवं तेवढं. म्हणजे मोजणाऱ्यांनाही कळत होतं की एकच माप सगळ्यांना लावायचं नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*२. कॅलरी म्हणजे नेमकं काय?*

एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. बोलताना आपण तिलाच कॅलरी म्हणतो. अन्न म्हणजे शरीराचं इंधन, आणि कॅलरी हे त्या इंधनाचं माप. एक ग्रॅम पिठूळ किंवा गोड पदार्थातून साधारण ४, एक ग्रॅम प्रथिनातून ४ आणि एक ग्रॅम तेल-तुपातून ९ कॅलरी मिळतात. हे आकडे अमेरिकेतल्या अ‍ॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसवले. आजची सगळी अ‍ॅप याच पायावर उभी आहेत.

यातून एक गोष्ट गृहिणीला लगेच कळते. तेलाचा एक चमचा म्हणजे साखरेच्या दोन चमच्यांएवढा. भाकरी वाढली की डोळ्याला दिसते, तर्रीतलं तेल दिसत नाही.

*३. पुण्यात झालेला वाद*

कॅलरीचा आकडा आपल्या देशात आधी वजन कमी करण्यासाठी नाही, भूक मोजण्यासाठी वापरला गेला. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढाही खर्च ज्याला करता येत नाही तो गरीब, असं माप त्यांनी धरलं.

यावर आक्षेप घेतला तो डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला त्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सरासरी हा सरासरीचाच आकडा असतो. एकाच निरोगी माणसाचं खाणं आणि खर्च रोज वरखाली होतो, आणि शरीर ते एका मर्यादेत सांभाळून घेतं. म्हणून एखाद्या दिवशी आकड्याच्या खाली आला तो उपाशी, असं म्हणता येत नाही. दांडेकरांनी त्याला उत्तरं दिली. वाद बरीच वर्षं चालला.

आपण त्यात न्यायाधीश व्हायला नको. पण दोघांकडून एकेक गोष्ट घेऊ. दांडेकर-रथांकडून ही, की मोजल्याशिवाय प्रश्न दिसत नाही. सुखात्म्यांकडून ही, की सरासरीचा आकडा म्हणजे तुमचं शरीर नव्हे. अ‍ॅपचा फायदा पहिल्या वाक्यात आहे आणि मर्यादा दुसऱ्या वाक्यात.

आणखी एक गंमत. २०११ मध्ये योजना आयोगाने शहरात रोज ३२ रुपये खर्चाची गरिबीची रेषा सांगितली, तेव्हा तुषार वशिष्ठ आणि मॅथ्यू चेरियन या दोन तरुणांनी आधी १०० रुपयांत आणि मग केरळमधल्या करुकाचाल गावी ३२ रुपयांत दिवस काढून पाहिले. आपण खाल्लेल्या अन्नातून काय मिळतं याचा ते हिशेब ठेवत होते. पुढे २०१२ मध्ये वशिष्ठ यांनी बंगळुरूला सुरू केलेली कंपनी म्हणजे आज अनेकांच्या फोनमध्ये असलेलं हेल्थिफायमी.

*४. अ‍ॅपचा खरा उपयोग कुठे होतो?*

पहिला उपयोग, डोळे उघडतात. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला साखरेची मर्यादा २५ ग्रॅम आहे. म्हणजे चहातच दुप्पट झाली, खमण-लोचो आणि घारी तर अजून दूरच. हे आठ दिवस लिहून काढल्याशिवाय कुणाला पटत नाही.

अमेरिकेत २००८ मध्ये सुमारे १,७०० लोकांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की रोज खाणं लिहिणाऱ्यांचं वजन न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट कमी झालं. पण लक्षात घ्या, गुण लिहिण्याचा आहे. मग ते फोनमध्ये लिहा नाहीतर दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर.

दुसरा उपयोग, काय कमी पडतंय ते दिसतं. आपल्या जेवणात बहुतेक वेळा भाकरी, पोळी, भात भरपूर असतो आणि डाळ पातळ. अ‍ॅपमध्ये प्रथिनाचा रकाना रिकामा दिसला की कळतं.

तिसरा उपयोग, चालणं वाढतं. दहा हजार पावलांचा आकडा मात्र शास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं. तिथून तो जगभर गेला. २०१९ मध्ये सुमारे १७ हजार वयस्कर स्त्रियांवरचा अभ्यास आला. दिवसाला २,७०० पावलांच्या मानाने ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. तेव्हा गुडघे दुखणाऱ्या आजींनी दहा हजारांच्या शर्यतीत उतरू नये. कालच्यापेक्षा पाचशे जास्त, एवढंच पुरे.

*५. अ‍ॅप कुठे चुकतं?*

*वाटी कुठली?* अ‍ॅप म्हणतं, एक वाटी भाजी. कुणाकडची वाटी शंभर मिलीची, कुणाकडची दोनशेची. शेवभाजी एका घरी दोन पळ्या तेलात होते, दुसऱ्या घरी पाऊण पळीत. कळण्याची भाकरी, डुबुकवडे, वरण-बट्टी हे यादीत सापडलं तरी ते तुमच्या हातचं नसतं. म्हणून अ‍ॅपचा आकडा म्हणजे दिशा समजा, वजनकाटा समजू नका.

*पोटात गेलं म्हणजे अंगी लागलं असं नाही.* अख्ख्या बदामांवर २०१२ मध्ये अभ्यास झाला. लेबलवर मूठभर बदामांच्या सुमारे १७० कॅलरी लिहिलेल्या होत्या, शरीराला प्रत्यक्ष मिळाल्या १२९. कारण नीट न चावलेले कण तसेच बाहेर पडतात. कच्चं, भरड, सालासकट खाल्लेलं आणि बारीक दळून गुळगुळीत केलेलं अन्न शरीराला एकसारखं लागू पडत नाही. अ‍ॅपला हे कळत नाही.

*घड्याळ जाळलेल्या कॅलरी जास्त सांगू शकतं.* स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये हातावरची सात यंत्रं साठ लोकांवर तपासली. नाडीचे ठोके सातपैकी सहा यंत्रांनी बरे सांगितले. पण खर्च झालेल्या कॅलरीत सगळ्यात चांगल्या यंत्राची चूकही सरासरी २७ टक्के होती, आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. म्हणून "आज घड्याळात तीनशे जळल्या, आता एक घारी चालेल" हा हिशेब कच्चा आहे. २०१६ च्या आणखी एका अमेरिकन अभ्यासात ४७१ तरुणांपैकी ज्यांना असं यंत्र दिलं त्यांचं वजन दोन वर्षांत सरासरी साडेतीन किलो उतरलं, आणि यंत्र न दिलेल्यांचं जवळजवळ सहा किलो. मार्गदर्शन दोघांनाही होतं. यंत्र बांधलं म्हणजे काम झालं असं होत नाही, एवढं यातून घ्यावं.

*काम कुणाचं, आकडा कुणाचा?* भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यानुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० कॅलरी लागतात, मध्यम कष्ट करणाऱ्याला २,७१० आणि जड काम करणाऱ्याला ३,४७०. बैठ्या कामाच्या स्त्रीला १,६६०, जड कामाच्या स्त्रीला २,७२०. आपल्या भागात कुणी लूमवर बारा तास उभा असतो, कुणी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये वाफेत तागे उचलतो, कुणी कापड मार्केटमध्ये गादीवर बसतो. तिघांनी अ‍ॅपमध्ये 'ऑफिस' असं बटण दाबलं तर लूमवाल्या भाऊला सहाशे कॅलरी कमी पडतील. मग रात्रपाळीत चक्कर आली तर दोष नशिबाला.

*वजनाचा आकडा फसवतो.* पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' मासिकात आला. उंची-वजनाचं गुणोत्तर, ज्याला बीएमआय म्हणतात, दोघांचं अगदी सारखं, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीवाले असू शकतो. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जपायला सांगतात. त्याहून सोपं माप म्हणजे शिवणकामाची टेप. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. टेप पन्नास वर्षं चालते आणि तिचं सबस्क्रिप्शन नसतं.

*कॅलरी पुऱ्या, रक्त कमी.* राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९ ते २०२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. घरातली बाई शेवटी जेवते, उरलेल्या भाताने पोट भरते. अ‍ॅप म्हणेल, कॅलरी बरोबर आहेत. पण डाळ संपलेली असते आणि भाजीचा रस्साच उरलेला असतो. ताई, हिरवा रकाना बघून समाधान मानू नका. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. जेवणावर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही.

*माहिती कुणाकडे जाते?* वजन, पाळी, आजार, सगळं आपण अ‍ॅपला सांगतो. मायफिटनेसपाल या नावाजलेल्या अ‍ॅपच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती २०१८ मध्ये चोरीला गेली होती. वापरायचंच असेल तर लागेल तेवढंच भरा, फोनबुकची परवानगी देऊ नका. पैसे आपोआप कापले जाण्याची खूण काढून टाका.

*६. एका आईचा प्रश्न*

एका ताईंनी विचारलं होतं. मुलगी अकरावीत आहे. मैत्रिणींचं बघून तिने अ‍ॅप घेतलं. त्याने बाराशे कॅलरी सांगितल्या. आता ती भाकरीचे चार तुकडे करते आणि एक खाते. आरतीनंतर शिरा हातावर ठेवला की आधी फोनमध्ये शोधते आणि मग वाटी परत ठेवते. पाळी दोन महिने चुकली. घरचे म्हणतात, बरं झालं, बारीक झाली, लग्नाला सोपं जाईल. "मी काय करू?"

ताईंचा प्रश्न सगळ्यांच्या घरचा आहे, म्हणून त्यांच्या परवानगीने, नाव न देता इथे घेतला.

उत्तर पहिल्या भागातच आहे. वाढत्या वयाला घासांचा आकडा नाही. अकरावीतल्या मुलीची हाडं, रक्त, पाळी सगळं अजून घडतंय. बाराशे हा आकडा तिच्यासाठी नाहीच. अठरा वर्षांखालच्या मुलांना कॅलरी मोजायला लावू नये. डॉक्टरांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी, आणि तेही त्यांच्या देखरेखीखाली. मुलं जाड होत असतील तर घरातला नाश्ता बदला, खेळायला पाठवा, बाटलीतली सरबतं आणि पुड्या बंद करा. मुलाच्या हातात आकडा देऊ नका.

ही लक्षणं ओळखा. एकत्र जेवायला टाळणं. जेवून लगेच बाथरूममध्ये जाणं. दिवसातून तीन-चार वेळा वजन करणं. एखादा पदार्थ खाल्ला म्हणून रडणं किंवा शिक्षा म्हणून उड्या मारत बसणं. पाळी थांबणं, केस गळणं, सतत थंडी वाजणं. हे नखरे नाहीत, आजार असू शकतो. रागावून, शपथा घालून किंवा दृष्ट काढून तो जात नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. मनाच्या मदतीसाठी सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे. नामस्मरण जरूर करा, त्याने धीर येतो. पण डॉक्टरकडे जाणं त्याच्या आड येऊ देऊ नका.

आणि नातेवाइकांना हात जोडून विनंती. "किती जाड झालीस गं", "आता बारीक झालीस, छान", ही दोन्ही वाक्यं आपल्या घरातून हद्दपार करा. मुलीच्या अंगावर शेरा मारायचा हक्क पाहुण्याला कुणी दिला?

*७. आणखी कुणी अ‍ॅपच्या भरवशावर राहू नये?*

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या ताई. किडनीचा त्रास असलेले. आधीच वजन उतरलेले आजी-आजोबा. आणि विशेष करून मधुमेहाचं इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारे. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, म्हणजे आपल्या प्रत्येक ग्रुपमध्ये कुणी ना कुणी आहेच. गोळी तीच आणि जेवण अर्धं केलं तर साखर अचानक उतरते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, १०८ ला फोन करा. जेवण कमी करायचं ठरवलं तर आधी डॉक्टरांकडून गोळीचं प्रमाण बदलून घ्या. एकादशीच्या उपासालाही हाच नियम.

उपासाचं निघालंच आहे तर एक शब्द. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पीठ, त्यात शेंगदाणे, तूप, बटाटा. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्या आज्यांनी अ‍ॅपशिवायच ओळखलं होतं. भगर, ताक, फळ, राजगिरा थोडा घेतला तरी उपास होतो.

*८. घरचं माप : महिन्याचा किराणा*

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये मोजण्यापेक्षा घर मिळून एकदाच मोजलं तर? आपण महिन्याचा किराणा भरतोच. पोषण संस्थेच्या २०२४ च्या दिवसाच्या ताटाचा, म्हणजे २,००० कॅलरींचा, हिशेब चार मोठ्या माणसांच्या घराला लावला तर महिन्याला असं येतं :

• तेल-तूप मिळून : माणशी रोज सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे साधारण साडेतीन लिटर.
• साखर आणि गूळ मिळून : माणशी २५ ग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त ३ किलो. बाहेरची मिठाई यातच धरायची.
• मीठ : माणशी ५ ग्रॅम, म्हणजे ६०० ग्रॅम. लोणचं, पापड, फरसाण यातलं मीठ यातच.
• डाळी आणि कडधान्यं : माणशी ८५ ग्रॅम, म्हणजे सुमारे १० किलो.
• भाज्या : माणशी रोज ४०० ग्रॅम. फळ १०० ग्रॅम. दूध-दही ३०० मिली.
• धान्य : माणशी २५० ग्रॅम, म्हणजे ३० किलो.

घरात जड काम करणारे असतील तर धान्य आणि डाळ वाढवा. लहान मुलं असतील तर त्यांच्या भुकेप्रमाणे द्या. आता आपल्या मागच्या महिन्याच्या किराण्याच्या चिठ्ठीशी हे ताडून बघा. बऱ्याच घरांत तेल सहा-सात लिटर आणि डाळ चार-पाच किलो निघेल. आहार सुधारायचा म्हणजे काय, हे त्या दोन ओळींतच कळतं. तेल दोन लिटर कमी केलं की तेच पैसे डाळीकडे वळतात. एक लिटर तेलात सुमारे ८,२०० कॅलरी असतात हे लक्षात घेतलं, तर केवढा फरक पडतो बघा. आणि यात एकट्या सुनेला किंवा एकट्या मुलीला वेगळं जेवायला लागत नाही. सगळ्यांचं ताट एकदमच सुधारतं.

कुणी ऋजुता दिवेकरांचं ऐकतं, कुणी डॉ. दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाचं, कुणी अ‍ॅपचं. ज्याला जे झेपेल ते त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून करावं. पण एकाच घरात चार पद्धती आणि चार स्वयंपाक करायला लावून घरच्या बाईला राबवू नये. ही पण सेवाच आहे.

*९. प्रसादाचं काय?*

प्रसाद हातावर घ्यायचा असतो. हातावर मावतो तेवढा तो प्रसाद, ताटलीभर घेतला की तो नाश्ता झाला. तळहातावरच्या चमचाभर शिऱ्याने कुणाचं वजन वाढत नाही, साखरवाल्या काकांनीही कणभर जिभेवर ठेवावा. तो अ‍ॅपमध्ये लिहायची गरज नाही. पण चांदणी पडव्याला चार घाऱ्या खाऊन "देवाचं नाव घेतलं" असं म्हणू नये, आणि कुणी नको म्हटलं तर आग्रह करू नये. केंद्रात वाटणाऱ्या ताईंनीही आठवड्यातून दोनदा शिऱ्याऐवजी फळ, फुटाणे-गूळ किंवा भिजवलेले मूग ठेवायला हरकत नाही. देवाला भाव कळतो, आणि आपल्या घरच्यांची साखर आपल्यालाच कळायला हवी.

*१०. या महिन्याचा अभ्यास*

पहिला आठवडा : घरातल्या मोठ्यांनी सात दिवस खाल्लेलं सगळं लिहावं. वही किंवा फोन, काहीही चालेल. काही कमी करायचं नाही, फक्त खरं लिहायचं. चहाबरोबरची दोन बिस्किटंसुद्धा.

दुसरा आठवडा : सगळ्यांनी वह्या एकत्र वाचाव्यात. कुणी कुणाला हसायचं नाही. त्यातून घराची एकच सवय निवडा. चहातली साखर म्हणा, रात्री उशिराचं जेवण म्हणा, तळण म्हणा.

तिसरा आठवडा : ती एक सवय बदला. जेवल्यावर पंधरा मिनिटं सोसायटीत एकत्र चाला, नाम घेत चाला. घरच्या बाईने निदान रात्री सगळ्यांबरोबर बसूनच जेवावं. हा नियम पाळायची जबाबदारी पुरुषमंडळींची.

चौथा आठवडा : कंबरेचं माप टेपने घ्या आणि नव्या किराण्याची यादी वरच्या तक्त्याशी जुळवा. अ‍ॅप घेतलं असेल तर आता स्वतःला विचारा : याने मला काही शिकवलं का? की नुसती भीती घातली? शिकवलं असेल तर शिकून झाल्यावर ते बंद करता येतं. भीती घातली असेल तर आजच काढून टाका.

*ग्रुपवर चर्चेसाठी प्रश्न* (उत्तरं व्हॉइस मेसेजमध्ये दिली तरी चालतील) :

१. आपल्या घरात शेवटी कोण जेवतं आणि त्यांच्या ताटात काय उरतं?
२. महिन्याला तेल किती लिटर आणि डाळ किती किलो?
३. आपल्या घरात कुणाच्या अंगावर, वजनावर शेरे मारले जातात का? ते कोण थांबवणार?

ज्या घरात मधुमेहाचे किंवा वाढत्या वयाच्या मुलामुलींचे प्रश्न आहेत त्यांनी सहावा आणि सातवा भाग पुन्हा वाचावा आणि आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जरूर पाठवावा. कुणाला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

अन्न मापात असावं, माप घराच्या हातात असावं, आणि घरातलं लहानात लहान माणूसही पोटभर जेवून उठावं, एवढीच महाराजांच्या चरणी प्रार्थना.

॥ श्री स्वामी समर्थ ॥ 🙏